चूल कोणाची, घर कोणाचे?
सोलापुरातील तेलुगू भाषिकांची कुटुंबे



न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते कामगार वाचनालयात, सभांत आणि लोकांच्या ओट्यांवर बसून झाले. तीस-बत्तीस वर्षे आम्ही सोलापूरच्या पूर्वभागात दारोदार हिंडून युनियनची वर्गणी गोळा केली. त्यामुळे पुस्तकातले कुटुंब आम्हांस फारसे ठाऊक नसले, तरी दाराआडचे कुटुंब थोडेफार ठाऊक आहे. तेवढ्याच भांडवलावर आज बोलणार आहोत.

विषय सोलापूरच्या तेलुगू भाषिकांचा असला, तरी कुर्डुवाडीकरांना तो परका वाटू नये. तुमचे गाव रेल्वेचे. १८९७ साली बार्शीची लहान गाडी येथून धावू लागली, वर्कशॉप आले, क्वार्टर्स आल्या आणि मुलखामुलखांतली माणसे येथे येऊन राहिली. या सभेत निवृत्त रेल्वे कामगार पुष्कळ दिसतात. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. तुमच्या पासावर कोणाकोणाची नावे चढत होती? बायकोचे चढे, अविवाहित मुलीचे चढे. वडील हयात नसतील तर अवलंबून असलेल्या आईचे आणि विधवा बहिणीचेही चढे. पण धाकटा भाऊ ताटाला ताट लावून जेवत असला, तरी कमावता झाला की त्याचे नाव उतरे. म्हणजे घरात जेवणारी माणसे आठ आणि पासावरचे कुटुंब पाचांचे! कुटुंब म्हणजे काय, हे जेवणारा एका तऱ्हेने ठरवतो आणि कागद दुसऱ्या तऱ्हेने ठरवतो. या दोहोंच्या फटीत कोण पडते, हा आजच्या बोलण्याचा मुद्दा आहे.

प्रथम ही माणसे सोलापुरात आली कशी, ते थोडक्यात पाहू. सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांचे शहर. तेलुगू बोलणाऱ्यांत पद्मशाली विणकरांची संख्या मोठी. शिवाय मोची, तोगटवीर वगैरे समाजही आहेत. पद्मशालींचे मूळ मुलूख म्हणजे जुन्या निजामी राज्यातील करीमनगर, वरंगळ, नळगोंडा, महबूबनगर हे जिल्हे. १८६० साली रेल्वे सोलापुरास पोहोचली. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली 'जुनी गिरणी', सुरू झाली. पोट सुटले होते आणि मागावर बसणारा हात शहाराला हवा होता. साखर पेठ, भद्रावती पेठ या बाजूला तेलुगू वस्ती वाढत गेली. आज नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या वेळी सारा पूर्वभाग रस्त्यावर उतरतो.

आता घर, कुटुंब आणि चूल हे तीन शब्द वेगळे करून घेऊ, कारण आपण ते एकात एक मिसळतो. घर म्हणजे भिंती आणि दार. कुटुंब म्हणजे रक्ताची आणि लग्नाची नाती. चूल म्हणजे एकत्र शिजवून एकत्र खाणारी माणसे. आपल्या जनगणनेत मोजतात ती चूल. एका सामाईक स्वयंपाकावर राहणारा गट म्हणजे एक कुटुंब, असे तेथे धरतात. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात हाच भेद आग्रहाने मांडला. एकत्र राहणारा गट आणि नात्याचे कुटुंब यांची गल्लत केली, की 'एकत्र कुटुंब मोडले' अशी हाकाटी आपण उगाच करतो. तेलुगूत चुलीला 'पोय्यी' म्हणतात आणि घराला 'इल्लु'. पूर्वभागात एका इल्लूत तीन पोय्या आम्ही पाहिल्या आहेत, आणि तीन घरांत मिळून एक पोय्यीही पाहिली आहे.

प्रकार सांगतो. पहिला प्रकार आज जवळजवळ संपला आहे, पण त्याची सावली अजून आहे. हा हातमागाच्या कारखान्यातला संसार. कारखानदार स्वतः पद्मशाली, विणकरही पद्मशाली. विणकर बायकामुलांसह कारखान्यातच राहावयाचा. मागांच्या रांगा एकीकडे, त्यांच्याच आडोशाला चूल. पुरुष मागावर, बाई कांड्या भरावयाची, पोर धोटा उचलून द्यावयाचे. मालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे 'बाकी', फिटेपर्यंत जागा सोडता येत नसे. प्रा. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे स्वातंत्र्यापूर्वी सोलापूर शहराची पाहणी केली. तिचा ग्रंथ १९६५ साली निघाला. आम्ही तो एका मित्राकडून अर्थ समजावून घेत घेत वाचला. त्या कारखान्यात कुटुंब होते, चूल होती, पण घर नव्हते. काम सुटले की छप्परही सुटे. हातमाग गेले, यंत्रमाग आले, चादरी आणि टॉवेल जगभर गेले. तरी मागाशेजारच्या खोलीत राहणारा कामगार आणि त्याच्या डोक्यावरची बाकी या दोन गोष्टी लवकर गेल्या नाहीत.

दुसरा प्रकार भावाभावांचा. बापाने चार यंत्रमाग घातले, मुलगे तीन. बाप आहे तोवर चूल एक. बाप गेला की पहिल्यांदा चुली वेगळ्या होतात. माग मात्र सामाईक राहतात, कारण चार मागांचे तीन भाग होत नाहीत आणि विजेचे मीटर एकाच्या नावावर असते. सकाळी भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, पण पाळी बदलताना एकाच्या हातचा माग दुसरा घेतो. येथे चुली तीन, धंदा एक. यास मोडलेले कुटुंब म्हणावे की टिकलेले? आम्ही तर म्हणू की भांडण चुलीपाशी ठेवून पोट एकत्र राखलेले ते कुटुंब आहे. यात एक नवा हिशेब आला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वारसा कायदा बदलून मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. बहिणीचा वाटा कायद्यात आहे. वाटणीच्या बैठकीत मात्र बहीण चहा घेऊन येते आणि आत जाते, हे आम्ही पंच म्हणून बसलो असता कितीदा तरी पाहिले आहे.

तिसरा प्रकार नवरा, बायको आणि मुले यांचा. संख्येने हाच अधिक भरेल. पण हे कुटुंब शहरी चाळीतल्या एकट्या बिऱ्हाडासारखे समजू नका. त्याच बोळात चार दारांपलीकडे बायकोची आई राहते आणि समोर नवऱ्याची बहीण. रात्री भाजीची वाटी या दारातून त्या दारात जाते. मोजणीत चार चुली दिसतात, पण आजारपण आले की त्या चारांची एक होते.

याचे कारण त्यांच्या लग्नाच्या चालीत आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे. आपल्या मराठी मुलखात मामाची मुलगी करणे पुष्कळ जातींत मान्य आहे. आत्याची मुलगी करणे बहुतेकांना नको असते. तेलुगू लोकांत मामाची मुलगी चालते, आत्याची चालते आणि थोरल्या बहिणीची मुलगीही चालते. म्हणजे मामा-भाचीचे लग्न. मराठी माणूस येथे दचकतो. पण शब्द पाहा. तेलुगूत सुनेला 'कोडलु' म्हणतात, आणि बहिणीच्या मुलीला 'मेनकोडलु'. जावयाला 'अल्लुडु', बहिणीच्या मुलाला 'मेनल्लुडु'. 'अत्त' म्हणजे आत्या आणि सासूही. आपण हसण्यापूर्वी आपल्याच आजीचे बोलणे आठवावे. ती सासऱ्याला 'मामंजी' म्हणे आणि सासूला 'आत्याबाई'! इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात बसवले, ते उगाच नव्हे. आपली जीभ दक्षिणेची साक्ष देते आणि आपला सोवळेपणा उत्तरेची.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मामा-भाची हे नाते निषिद्ध नात्यांत धरले आहे. पण दोन्ही पक्षांची रूढी परवानगी देत असेल तर लग्न वैध, अशी सवलत ठेवली आहे. या चालीचे गुण असे की सून परक्या घरात जात नाही. सासू तिची आजी नाहीतर आत्या असते. हुंड्याची ओढाताण कमी, आणि माहेर हाकेच्या अंतरावर. दोषही आहेत. इतक्या जवळच्या रक्ताच्या लग्नात काही जन्मजात आजारांचा धोका वाढतो, हे डॉक्टर सांगतात आणि ते खरे आहे. शिवाय पोरगी लहानपणापासून 'ही अमक्याची' म्हणून ठरून जाते. तिला विचारतो कोण? शिकलेल्या मुलामुलींत ही चाल कमी होत चालली आहे. आम्हांस ते योग्य वाटते. मात्र चाल जाताना बोळातल्या चार चुलींची एकजूटही जाते, याचा विचार कोणी करत नाही.

चौथा प्रकार घरजावयाचा. तेलुगूत यास 'इल्लरिकम्' असा स्वतंत्र शब्दच आहे. मुलगा नसलेल्या घरी जावई राहावयास येतो, सासऱ्याचा माग चालवतो. आपल्याकडे घरजावयाची थट्टा होते. तेथेही होते, पण तेथे ती एक मान्य सोय आहे. जाता जाता नावाचेही सांगतो. 'इंटिपेरु' म्हणजे घराचे नाव, आडनाव. तेलंगणात ते आधी लिहितात, मग माणसाचे नाव. सोलापुरात शाळेच्या पटावर ते मराठी रीतीने शेवटी गेले. नातवाला मराठी शाळेत आपले आडनाव शेवटी लिहावयास शिकवतात, आणि आजी त्याला घरी आधी घराचे नाव सांगावयास लावते. दोन्ही बरोबर आहेत.

पाचवा प्रकार आमच्या कामाचा आणि आज सर्वांत महत्त्वाचा. बाईच्या विडीवर चालणारे घर. विसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरच्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे बंद पडले. यंत्रमागाला मंदी आली की पुरुष भिवंडीची वाट धरतो, किंवा घरी बसतो, किंवा दारूच्या गुत्त्यावर. घर थांबत नाही, कारण मांडीवर सूप घेऊन बाई बसलेली असते. ब्रँचमधून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा आणावयाचा. पाने भिजवावयाची, पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापावयाची, तंबाखू भरून वळावयाची, दोरा गुंडाळावयाचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांची हजार. दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये तपासनीस त्यातली 'छाट' काढतो. छाटीची मजुरी नाही, पान-तंबाखू मात्र हिशेबात. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, त्याने घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगार आहे हे मान्य केले. हा मोठा विजय होता. पण कार्ड एका बाईचे. सासूच्या कार्डावर सून वळते, धाकटी नणंद दोरा बांधते, शाळेतून आलेली मुलगी पाने कापते. चार जणींची मजुरी एकीच्या नावावर, एकीचाच प्रॉव्हिडंट फंड. म्हणजे पासावर जे झाले तेच येथे कार्डावर झाले. हात आठ आणि कामगार एक!

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. ती सांगावी की नाही, याचा पुष्कळ विचार केला. पण ती न सांगता या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे झाले असते.

अठरा-वीस वर्षांमागे बेघर कामगारांची एक यादी करण्याचे काम आमच्याकडे आले. दार पाहावयाचे, कुटुंबप्रमुखाचे नाव लिहावयाचे, अंगठा घ्यावयाचा, असे आम्ही ठरवले. एका दारी दोन भाऊ, त्यांची आई आणि नवऱ्याने टाकलेली बहीण राहत होती. बहिणीला दोन मुले. दारात थोरला भाऊ उभा होता. आम्ही विचारले, "घर एकच ना?" तो म्हणाला, "एकच." तो खोटे बोलला नाही. आम्ही त्याचे नाव लिहिले आणि पुढच्या दारी गेलो. मागच्या पडवीत पत्र्याखाली तिची पोय्यी वेगळी होती, ती आम्ही पाहिली नाही. ती तेव्हा सुपावर मान घालून बसली होती, तेवढे अंधुक आठवते.

पुढे भावाला घर मिळाले. तो तेथे राहावयास गेला. आई वारली, जुनी जागा मालकाने काढून घेतली, धाकटा भिवंडीस गेला. बहीण दोन मुलांसह भाड्याच्या खोलीत गेली. ती आमच्या कार्यालयात आली तेव्हा यादी बंद झाली होती. आम्ही अर्ज केले, खेटे घातले. कागदाने एकच उत्तर दिले, 'सदर कुटुंबास लाभ देण्यात आला आहे.' ती चिडली नाही. एवढेच म्हणाली, "अण्णा, तुम्ही दारात विचारलंत. चुलीपाशी यायला पाहिजे होतं."

या गोष्टीत भाऊ दुष्ट नव्हता, कारकूनही दुष्ट नव्हता. आम्ही आळशी होतो, असेही नव्हे. त्या दिवशी शंभर दारे केली होती. चूक होती ती प्रश्नात. ती अक्का त्यानंतरही दर महिन्याला वर्गणी देत राहिली. पावती फाडताना आमची मान खाली जाई. पुढे तिच्या मुलाला नोकरी लागली आणि तिचे बरे झाले. पण त्याचे श्रेय आमचे नव्हे.

त्या दिवसापासून आम्ही रीत बदलली. दारात नाव विचारून थांबत नाही. "पोय्यलु एन्नि?" म्हणजे चुली किती, हे आधी विचारतो, आणि ते पुरुषाला न विचारता बाईला विचारतो. चुली मोजल्या की टाकलेली बहीण दिसते, विधवा सून दिसते, मुलाने वेगळी काढलेली म्हातारी दिसते. दार मोजले की फक्त दारात उभा असलेला दिसतो.

आता थोडे आजचे. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी लढून घरे मिळवली, ही देशाने पाहण्याजोगी गोष्ट आहे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीजवळ कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या दिल्या गेल्या. त्याच भागात तीस हजार घरांच्या रे नगरचा प्रकल्प आला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यातली पहिली पंधरा हजार घरे दिली गेली. पक्ष कोणताही असो, मागणी बायकांची होती.

या घरांनी कुटुंबाचे रूप पालटले. गोदूताईंच्या वसाहतीत घर बाईच्या नावावर आहे. आम्ही तेथे जातो तेव्हा 'अम्मा इल्लु', आईचे घर, हा शब्द ऐकू येतो. पूर्वी मुलगी भांडून आली की भावाच्या दारी यावयाची, आता आईच्या घरी येते. हा फरक लहान नाही. भावाच्या घरी तिचे राहणे उपकाराचे होते, आईच्या घरी तसे नाही. पण दुसरी बाजूही आहे. ही घरे एका लहान कुटुंबापुरती बांधलेली. लग्न झालेला दुसरा मुलगा तेथे मावत नाही. आणि पेठेतला तो बोळ, जेथे आत्या समोर आणि आजी चार दारांवर, तो काही वसाहतीत आला नाही. सोडतीत कोणाला कोणती गल्ली येईल याचा नेम नसतो. भाजीची वाटी दोन मैल चालत नाही. तान्हे मूल घरी ठेवून ब्रँचला जाणाऱ्या बाईला विचारा, म्हणजे आत्या समोर नसण्याची किंमत कळेल. नवी घरे देताना एकाच बोळातल्या चार चुलींना शेजारी शेजारी दारे देणे अशक्य आहे काय? आम्हांस तरी ते वाटत नाही.

शेवटचे. २०११ नंतर दहा वर्षांनी व्हावयाची जनगणना लांबली, आणि २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना २०२५ च्या जून महिन्यात निघाली. गणना करणारा शिक्षक तुमच्याही दारात येणारच. तो तुम्हांस विचारील, घरात कुटुंबे किती? घाईत 'एकच' म्हणू नका. मागच्या पडवीत कोणाची चूल आहे का, पोटमाळ्यावर स्टोव्ह कोण पेटवते, म्हाताऱ्या आईचा भात वेगळा शिजतो का, हे आधी पाहा आणि मग सांगा. वेगळी चूल सांगितली म्हणून कुटुंब मोडत नाही. चूल लपवली म्हणून ते टिकतही नाही. जी चूल मोजली जात नाही, तिच्यापर्यंत शिधा, घर, पेन्शन काहीच पोहोचत नाही.

हे आम्ही तेलुगू भाषिकांच्या निमित्ताने बोललो, कारण आम्ही शिकलो त्यांच्या ओट्यावर. परंतु टाकलेली बहीण मराठी घरातही आहे, कन्नड घरातही आहे आणि कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्येही आहे. आज घरी गेल्यावर आपल्या घरातल्या चुली एकदा मोजून पाहा. एवढे केलेत तरी आमचे येणे सार्थकी लागले असे समजू.